ट्रॅकच्या पुढे पळणारी माणसं

क्वार्टर सोडायच्या दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे. कंपनीचा माणूस आला, पंखे लावून पाहिले, नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या काचा बघितल्या आणि सही घेऊन गेला. भिंतींवर बघण्यासारखं काही नव्हतंच. आईनं इतक्या वर्षांत तिथं एक खिळा मारू दिला नव्हता. "भिंत आपली न्हाय," एवढंच तिचं कारण असायचं. शेजारच्या इंदूमावशीनं हातावर दही ठेवलं, टेम्पो सुरू झाला, आणि नाना ड्रायव्हरला म्हणाले, "क्लबावरनं घ्या." कंपनीचा क्लब उलट्या दिशेला होता. ड्रायव्हर कुरकुरला, पण त्यानं गाडी वळवली. क्लबाला कुलूप होतं. नाना खाली उतरले नाहीत, नुसते बघत राहिले, आणि मग म्हणाले, "चला."

वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या तुम्हा सगळ्यांना हे नव्यानं सांगायला नको. तुमच्यापैकी कुणी पिंपरीत आहे, कुणी आखातात, कुणी अजून तिथंच आहे. आपल्याकडं नोकरी संपली की घर संपायचं. ज्या स्वयंपाकघरात लहानाचे मोठे झालो, तिथं पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देणार, हे लहानपणापासून माहीत असायचं. माहीत असून उपयोग मात्र होत नाही.

नानांचं मूळ गाव कऱ्हाटी. तिथं चुलत्यांचा ऊस आहे, घर आहे. पण नाना मिसरूड फुटायच्या वयात कंपनीच्या मशीन शॉपला लागले, आणि गावानं त्यांना तेव्हापासून 'कंपनीवाला' करून टाकलं. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही बारामतीत फ्लॅट घेतला. आई आठवड्याभरात बारामतीकर झाली. तिला भिशी मिळाली, आणि भाव करायला हक्काची भाजीवालीही मिळाली. नानांचं तसं झालं नाही. कॉलनीत गणपती असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, नानांचं गाणं ठरलेलं असायचं. पेटीवर एक फिटर, ढोलकीवर स्टोअरचा क्लार्क आणि गायला नाना. बारामतीत त्यांना 'तिसऱ्या मजल्यावरचे काका' म्हणून ओळखायचे.

मी इथंच लग्न होऊन आधी आले होते. माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एकदा ओळखीतल्या हळदीला कराओकेसाठी लॅपटॉप हवा होता, म्हणून गेले आणि त्यात अडकलेच. आता शनिवार-रविवारी मी आणि नवरा, महेश, गाडीत सामान घालून बारामतीपासून इंदापूरपर्यंत फिरतो. डोहाळजेवण, साठी, सोसायटीचं स्नेहसंमेलन, कुठंही जातो. आम्ही फक्त संगीत वाजवायचं, पडद्यावर शब्द दाखवायचे आणि गायचं ज्याचं त्यानं.

सामान निवडताना आमची जेवढी भांडणं झाली तेवढी लग्न ठरवतानाही झाली नव्हती. महेश काटेवाडीचा. वरातीत वाढलेला माणूस. स्पीकरची त्याची परीक्षा एकच, छातीत हादरा बसला पाहिजे. मी म्हणायचे, आपल्याला आत्याबाईंचे शब्द ऐकू यायला हवेत, त्यांच्या पोटातलं पाणी हलायला नको. शेवटी स्टँडवर उभे राहणारे मध्यम स्पीकर घेतले आणि एक छोटा मिक्सर. बिनवायरचे माइक घेतलेच, पण एक वायरचाही ठेवला, कारण बिनवायरच्यांचे सेल नेमके सुनबाई वरचा सूर लावतात तेव्हा संपतात. सॉफ्टवेअर मात्र मी कुणाचं न ऐकता निवडलं. त्यात मराठी अक्षरं नीट दिसतात. ते नेटशिवाय चालतं, कारण गावाबाहेर उसात शिरलं की रेंज गेलीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यात गाण्याचा वेग न बदलता पट्टी बदलता येते. सासऱ्यांचा आवाज खाली, नणंदेचा वर. एकाच गाण्यात दोघांना बसवता येतं. ह्या सोयीचा मला फार अभिमान होता.

असंच आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात मी नानांना आग्रहानं माइक दिला. त्यांनी त्यांचं कॉलनीतलं नेहमीचं गाणं मागितलं. सुरुवात बरी झाली. मग ते ट्रॅकच्या पुढं जायला लागले. ओळ संपायची आणि संगीत मागून यायचं. पुढच्या रांगेतला एक तरुण प्रेमानंच म्हणाला, "काका, जरा थांबून घ्या." मागं कुणीतरी हसलं. नानांनी दुसरं कडवं घेतलंच नाही. माइक माझ्या हातात देऊन ते जागेवर जाऊन बसले. घरी आल्यावर म्हणाले, "ताल गेला माझा, सुमे. वय झालं."

त्यानंतर त्यांनी गुणगुणणंही सोडलं. आधी आंघोळीला गेले की बाथरूममधून आवाज यायचा, तोही बंद झाला. आई म्हणायची, "गप बसणाऱ्या माणसाबरोबर ऱ्हायचं म्हंजी फ्रिजबरोबर ऱ्हायचं. नुसता घुर्र." पण ती काळजीत होती हे मला कळत होतं. मीही होते. घर गेलं तेव्हा नानांनी ते सहन केलं होतं. ताल गेला हे मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

माझा स्वभाव असा की यंत्रात दोष सापडेपर्यंत मी माणसात दोष मानत नाही. पहिला संशय ब्लूटूथवर. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. पडद्यावर शब्द आधी रंगतात, संगीत मागून येतं, मग गाणारा पुढं पळणारच. मी वायर जोडली. फरक पडला नाही. मग लॅपटॉपला आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड घेतलं. मग वाटलं, लेथच्या खडखडाटात आयुष्य गेलेले कान आहेत, त्यांना ट्रॅक नीट ऐकूच येत नसेल. म्हणून गाणाऱ्याकडं तोंड करून ठेवायचा एक स्पीकर आणला. प्रत्येक वेळी मी स्वतः गाऊन तपासायचे, तर मीही ट्रॅकच्या पुढं. झालं, माझी खात्रीच पटली की दोष यंत्रात आहे. महेशचं गाणं मात्र ट्रॅकवर बरोबर बसायचं. पण महेश इतका बेसूर आहे की त्याची साक्ष काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

मग इंदापूरला आपला कॉलनीवाल्यांचा मेळावा ठरला, हे तुम्हाला आठवत असेल. मंगल कार्यालय, दुपारचं जेवण, आणि नंतर माझं कराओके. नाना यायला तयार नव्हते. आईनं त्यांचा शर्ट इस्त्री करून समोर धरला, तेव्हा निघाले. गायला लावणार नाही, एवढं मात्र माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पहिल्यांदा इंदूमावशी उठली. पहिलीच ओळ संपवली आणि संगीत मागं राहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, उशिरा येणाऱ्या एसटीची वाट बघावी तशी. मी घाईघाईनं वायरी तपासल्या. मग पॅकिंग विभागातले एक काका आले, तेही पुढं. शाळेतल्या बाई आल्या, त्याही. सगळे सारखेच पुढं. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. मला घाम फुटला. इतका खर्च करून, इतकी अक्कल लढवून आणलेला संच आपल्याच माणसांपुढं तोंडावर आपटत होता.

तेवढ्यात नाना शेवटच्या रांगेतून उठले आणि सरळ माझ्या टेबलाशी आले. चेहरा मशीन शॉपमधला. काहीतरी बिघडलंय आणि ते कुठं बिघडलंय हे कळलंय, असा.

"ह्याचा स्पीड वाढतो का?"

मी म्हटलं, वाढतो, आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं की पट्टी जराही न हलवता वाढतो.

"न्हाय. पट्टी बी वर घे. दोन्ही संगट."

मी दोन्ही थोडं थोडं वर नेत गेले. नाना डोळे मिटून उभे होते. एका जागी त्यांनी हात वर केला. "हितं. बास."

इंदूमावशीनं पुन्हा सुरुवात केली, आणि ओळ जिथं संपली तिथंच संगीत येऊन तिला भेटलं. दुसऱ्या ओळीला सगळा हॉल गायला लागला. एकही माणूस पुढं नाही, एकही मागं नाही.

गाणं संपल्यावर नानांनी स्वतः माइक घेतला आणि सगळा उलगडा केला. क्लबातला टेप ज्याच्यावर आपण सगळे गाणी बसवायचो, त्यातली मोटरची प्लास्टिकची पुली एकदा तडकली होती. नवी मिळेना. तेव्हा नानांनी शॉपमधल्या लेथवर पितळेची पुली करून बसवली. "केसभर जाड झाली आसंल," ते म्हणाले. "पुली जाड, तर टेप जोरात. टेप जोरात, तर गाणं जोरात अन् सूर बी वर. त्याच्यावरच शिकलो आपण समदी."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता. कुणीतरी म्हणालं, तरीच रेडिओवरची गाणी आम्हाला कायम आळसावलेली वाटायची. मलाही तसंच वाटायचं. नाना हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी त्यांचं गाणं म्हटलं. सोसायटीत अर्ध्यावर सोडलेलं, सगळी कडवी घेऊन. मी टेबलामागं वाकून वायरी नीट करायचं नाटक केलं, कारण मला रडू आवरेना.

तो वेग आणि ती पट्टी मी 'कॉलनी' नावानं लॅपटॉपमध्ये साठवून ठेवली. बारामतीत पुढचा कार्यक्रम होता तेव्हा मोठ्या उत्साहानं नानांना सांगितलं की तुमच्यासाठी ती लावते. त्यांनी नको म्हटलं.

"माझा ताल गेला न्हाय, एवढं कळलं. बास झालं. आता हितला शिकतो."

आणि खरंच शिकले. रोज सकाळी चहानंतर मूळ वेगाचं गाणं लावून बसायचे. पुढं पळायचे, थांबायचे, पुन्हा धरायचे. आई आतून म्हणायची, "पळू नगा, गाडी चुकत न्हाय." कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते शांतपणे गायले आणि ट्रॅकबरोबर संपले. टाळ्या झाल्या. एका अनोळखी गृहस्थांनी येऊन विचारलं, तुम्ही कुठले. ह्या प्रश्नाला नानांचं उत्तर इतकी वर्षं कधी कऱ्हाटी असायचं, कधी वालचंदनगर. तिसरं मी कधी ऐकलं नव्हतं.

"हितलाच," नाना म्हणाले. "बारामतीचा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. एक घर मिळालं म्हणताना दुसऱ्याचं दार ओढून घेतल्यासारखं वाटलं, आणि ते दार माझंही होतं. गाडीत सामान भरलं, नाना पुढं बसले, मी मागं. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी तेच गाणं गुणगुणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं, वेग कॉलनीचा होता. मी मागून धरलं. गाडी चालवता चालवता महेशही गायला लागला आणि पहिल्याच वळणावर मागं पडला.

"थांबा की जरा," तो म्हणाला.

आम्ही थांबलो नाही.