मशीनचा सत्कार आणि वाठार फाट्यावरचा माणूस

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आजही नाही. माझं शिक्षण श्वासाचं. भूत श्वास घेत नाही, त्यामुळे ते माझ्या खात्यात येत नाही... विषय संपला. तरीही हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात रेस्पिरेटरी थेरपिस्ट होते. घरोघरी जाऊन ऑक्सिजनची मशिनं तपासायची, नेब्युलायझर द्यायचं, दम लागणाऱ्यांना श्वास सोडायला शिकवायचं. हुद्द्याचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळीकडे मी 'वाफेची बाई'. सुरुवातीला चिडायचे. नंतरही चिडायचे, पण हाकेला ओ द्यायचे.

पेठ वडगावच्या जनाक्का माझ्या लाडक्या पेशंट. चुलीच्या धुरानं छाती पार खलास झालेली. नाकात नळी, उशाशी मशीन. हे मशीन खोलीतलीच हवा ओढून तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं. म्हणून त्याच्याभोवती मोकळी जागा पाहिजे आणि जवळ दिवा-उदबत्ती अजिबात नको, हे मी घरच्यांना घसा फोडून सांगितलं होतं.

खंडेनवमीची भर दुपार. वारणानगरचा पेशंट बघून स्कूटीवरून परत येत होते. वाठार फाट्यावर, पंक्चरच्या दुकानापाशी, एक माणूस थेट गाडीसमोर आला. दांडगा, झुबकेदार मिशा, गुलाबी फेटा.

"ओ वाफेच्या बाई! आदी वडगावला जावा. जनाक्काच्या मशिनीला शाल पांघरल्या!"

मला हसूच आलं. "मशीनला? का, थंडी वाजतेय काय त्याला?"

"दात काय काढताय? म्हातारी घुसमटायल्या तिकडं! वळवा गाडी!"

"तुम्ही कोण?"

"मी कोन ते मागनं इचारा की! हला!"

असली अरेरावी मी सख्ख्या बापाचीही ऐकली नव्हती. अशी माणसं माझ्यावर सोडतो म्हणून जनाक्कांच्या मुलाला झापायचंच, या रागात मी गाडी वळवली.

घरात शिरले. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, ट्रॅक्टर पुजतात... इथं ऑक्सिजनच्या मशीनचा सत्कार झाला होता! अंगभर शाल, वर झेंडूचा हार, पुढ्यात नारळ आणि शेजारी तेवतं निरांजन. शालीखाली अलार्म कोकलत होता. जनाक्का डोळे मिटून पडलेल्या, ओठ निळे.

"मशीन सकाळपासनं गातंय," मुलगा बापू कौतुकानं म्हणाला. "आनि आईला काय झोप लागल्या बगा!"

"झोप कसली? गुदमरल्यात त्या!" मी किंचाळले. निरांजन विझवलं, शाल फेकली, कोपऱ्यातला राखीव सिलिंडर जोडला. जनाक्कांना उठवून बसवलं आणि "ओठांचा चंबू करा, हळू सोडा" म्हणत पाठ चोळत राहिले. जातात की काय, या भीतीनं मला रडू फुटलं होतं. बऱ्याच वेळानं ओठांवर रंग आला. डोळे उघडून म्हणाल्या, "वरडू नगंस की पोरी."

मग मी विचारलं, फेट्यावाल्याला कुणी धाडलं? कुणीच नाही! धूळ येते म्हणून दार सकाळपासून बंदच होतं. मी वर्णन सांगताच बापूनं हंबरडा फोडला. "आबा! आमचं आबा आलं!" भिंतीवरचा वारलेल्या वडिलांचा फोटो काढून माझ्यापुढे धरला. काडीसारखा माणूस, मिशीचा पत्ता नाही, डोक्यावर टोपी. मी 'हे नव्हेत' म्हणून मान हलवली, तर सगळं घर माझ्यावरच नाराज.

"नीट बगा की मॅडम," बापू काकुळतीला आला. "फेटा बांदल्यावर जरा भरल्यागत दिसत्यात."

परतताना मी पंक्चरवाल्याला गाठलं. तो जरा लांबूनच बोलला, "बाई, तुमी एकट्याच भांडत हुतासा. हातवारे करून. मी म्हटलं, ऊन लागलं जनू."

ऊन लागलं म्हणावं, तर उन्हाला शालीची बातमी कुणी दिली?

पुढच्या भेटीत जनाक्कांना सगळं सांगितलं. म्हटलं, फोटोतले नव्हते हो ते.

"न्हवतंच असणार," त्या दम खात म्हणाल्या. "चुलीपुढं खोकून खोकून मी अर्धी व्हायची... तवा आमचं मालक भाईरनं वरडायचं, भाकरी आन."

मी नाकातली नळी नीट करत होते. त्यांनी माझा हात धरला.

"त्यो फेट्याचा परत घावला, तर जेवायला घिऊन ये. मला दम लागलाय म्हनून पळत आल्याला पैला बाप्या हाय त्यो."