एकही जाहिरात नाही

माझं काम काय, हे कळंबमध्ये सांगायला मला अजूनही जड जातं. कोणती ऑनलाइन जाहिरात कधी चालली, किती जणांनी पाहिली, ही माहिती, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआय एजंटला आणून देणारी छोटी छोटी साधनं आमची पुण्यातली कंपनी बनवते. कोणतं साधन काय आणतं आणि काय आणत नाही, हे मी साध्या वाक्यांत लिहितो. ती वाक्यं माणसांपेक्षा एजंटच जास्त वाचतो आणि त्यावरून कोणतं साधन उचलायचं ते ठरवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. घरी बसून लिहिण्याचा पगार मिळतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

एजंट वापरून बघायला कंपनीला मराठीत प्रश्न विचारणारा खरा दुकानदार हवा होता. मी शेठचं नाव सुचवलं. पेरणी यंत्रं आणि ठिबकचे पाईप विकणारं त्यांचं दुकान मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून आहे. कॉलेजात असताना त्यांनी मला सुट्टीत काउंटरवर ठेवलं, परीक्षेच्या दिवसांत गोदामात अभ्यासाला जागा दिली. पुढं माझ्याच शब्दावर त्यांनी माझ्या चुलत बहिणीला दुकानाच्या मोबाईलवरच्या जाहिराती सांभाळायला ठेवलं.

पेरण्या उरकून सोयाबीन गुडघ्याला आलं होतं, तेव्हा शेठचा फोन आला. "भाऊ, जरा दुकानात या. एकटेच या."

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. प्रश्न होता, 'औंदा आपण कोणत्या जाहिराती केल्या?' एजंटचं उत्तर, 'या खात्यावर एकही जाहिरात नाही.'

"तुमचंच मशीन सांगतंय," शेठ म्हणाले. "मग पोरगी उन्हाळाभर मोबाईल घेऊन काय करत व्हती?"

"मी विचारून बघतो, शेठ."

"बघा. मला तमाशा न्हाय करायचा. उद्यापासून नको येऊ म्हणीन, बास. पण मोंढ्यात लोक इचारतील, का काढलं म्हणून. मी काय खोटं सांगू?"

शेठ खोटं बोलणारे नव्हते, तेच अवघड होतं. घरी येताना मला बहिणीच्या एकेक गोष्टी आठवू लागल्या आणि प्रत्येक वाकडी दिसू लागली. दिवसभर हातात मोबाईल. मी जवळ गेलो की स्क्रीन पालथी. जाहिरात दाखव म्हटलं की हसून, "दादा, तुला काय कळतंय त्यातलं!"

ती आमच्याकडंच राहते. मी आलो तेव्हा भाकरी थापत होती.

"पेरणीआधी तू जाहिराती खरंच चालवल्या होत्यास ना?"

तिचे हात थांबले नाहीत. "तुला काय वाटलालंय?"

"वाटत काही नाही. विचारतोय."

"पार अणदूरपासनं माणसं यंत्र बघाय आली व्हती, ती काय सपान पडून आली? मोबाईलवर बघून आलाव म्हणत व्हती. शेठनीच चहा पाजला त्यांला." मग तिनं वर पाहिलं. "काढलं का मला?"

"अजून न्हाय."

"अजून," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी लॅपटॉप उघडला. शेठचाच प्रश्न शब्द बदलून विचारला. दर वेळी तेच 'एकही नाही', तितक्याच ठामपणे. तो ठामपणाच मला खटकला. एजंटनं कोणतं साधन उचललं ते पाहिलं. त्याचं वर्णन प्रोग्रामरनं घाईत लिहिलेलं होतं, मी अजून तिथवर पोचलो नव्हतो. 'खात्यातल्या जाहिराती आणते', एवढंच. साधन मात्र फक्त त्या वेळी चालू असलेल्या जाहिराती आणत होतं. बंद केलेल्या हव्या असतील तर तसं वेगळं सांगावं लागे. पेरणी झाल्यावर पेरणी यंत्राची जाहिरात कोण चालू ठेवील? बहिणीनं त्या वेळेवर बंद केल्या होत्या. 'बंद केलेल्याही दाखव' म्हटल्यावर सगळ्या समोर आल्या. प्रत्येकीत शेठ यंत्राशेजारी ताठ उभे.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दुकानात गेलो आणि शेठच्या मोबाईलवर बंद केलेल्या जाहिराती मागवून दाखवल्या. शेठ मोबाईलकडं बघत राहिले. "इतकं ठासून सांगितलं त्यानं. मला वाटलं, त्याला काय पडलंय खोटं बोलायचं."

"शेठ, मी एक इचारू का त्याला?" बहिणीनं त्यांचा मोबाईल घेऊन विचारलं, 'शेठ दुकानात कधी येतात?'

'सकाळी नऊ वाजता,' उत्तर आलं. आत्ताच मागवलेल्या जाहिरातीत दुकान उघडण्याची वेळ होती, तीच त्यानं उचलली.

पाईप उतरवणारा हमाल मोठ्यानं हसला. "नऊला? नऊला तर शेठच्या अंघोळीचं पाणी तापत असतंय!"

शेठही हसले. "बस तुझ्या जाग्यावर," ते बहिणीला म्हणाले. "हितून पुढं आधी तुला इचारीन, मग त्याला."

दुपारी मी ते वर्णन नव्यानं लिहिलं. 'वेगळं सांगितलं नाही तर फक्त चालू जाहिराती आणते. काही आलं नाही, तर जाहिरात कधी नव्हतीच असा अर्थ काढू नये.' वरिष्ठांना दुसरं वाक्य जास्तीचं वाटलं. मी ते काढू दिलं नाही. ज्यांनी नोकरी दिली त्यांच्याशी वाद घालायची माझी ती पहिलीच वेळ. बाकीच्या साधनांची वर्णनंही आता मी संशयानंच वाचतो.

बहिणीचं काम राहिलं. संध्याकाळी दुकानात डोकावलो तेव्हा मान न उचलता ती म्हणाली, "हिकडं कसा काय? मी खरंच हाय का, ते बघाय आलास?"

मी उभाच राहिलो. तिनं पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मोबाईलची स्क्रीन मात्र पालथी ठेवली.