दिगंबरच्या मैदानाचं पाणी

ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याच्यासमोर दोनदा बसून तसाच उठून आलो. पाच आठवड्यांपूर्वी दिगंबर चौधरीच्या मुलीचा मेसेज आला, ‘अण्णाकाका, पप्पा आज सकाळी गेले.’ मी इथे बहरीनमध्ये, ईसा टाउनला मुलाच्या घरी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालत होतो. मोबाइल खिशात ठेवला, राहिलेल्या दोन कुंड्यांना पाणी घातलं आणि मग तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

पुढच्या शुक्रवारी मनाम्यात इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. सगळे चांगलंच बोलले. शेवटी एक जण म्हणाला की माणूस सोन्यासारखा होता, पण इथला तो बेसबॉलचा हंगाम काही त्याला झेपला नाही. लोकांनी माना हलवल्या. तो हंगाम का बुडाला, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

इथल्या एका व्यापाऱ्याने हौसेने बेसबॉलचा पगारी संघ काढला होता. झल्लाकच्या रस्त्यावर मैदान बांधलं, तांबडी माती जहाजाने मागवली, फिलिपिन्सचे आणि आणखी कुठकुठले खेळाडू आणले. आखातातले पाच-सहा संघ हिवाळाभर एकमेकांशी खेळणार होते. चेंडू अडवायला आणि उचलायला शिकवणारा मुख्य कोच म्हणून जळगावकडचा दिगंबर आला. शाळेतली क्रीडाशिक्षकाची नोकरी सोडून आला. आयुष्यभर त्याने मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवला होता आणि जमिनीवरून सरपटत येणाऱ्या चेंडूवर तो तासभर बोलू शकत असे. मी मैदानाचा फोरमन होतो. माझं गाव देवगडजवळ, खाडीच्या काठी. मैदानावर आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात डबा एकत्र झाला. माझ्या बांगड्याकडे बघून तो म्हणायचा की हा मासा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. मी त्याच्या शेवभाजीवरचं तेल बघून म्हणायचो, हे खाऊन धावशील तर बेसवर थांबायचा नाहीस, थेट सौदीत जाशील.

त्याची एक सवय होती. सकाळी मैदानात आला की पाइपच्या तोंडाला बोट लावायचा आणि जिभेवर टेकवायचा. इथल्या बोअरचं पाणी खारट. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मातीला गोडंच पाणी पाहिजे, टँकरचं, दिवसातून दोनदा. पंधरा-वीस दिवसांनी त्याने चाखणं सोडलं. मी गमतीने विचारलं, काय रे, जिभेची चव गेली का? तर दंताळं माझ्या हातात देत म्हणाला, “तुम्ही आहात ना अण्णा, मग मी कशाला चाखू?”

टँकर उजाडायच्या आत यायला हवा असायचा. कधी यायचा, कधी तासन्‌तास वाट बघायला लावायचा. त्याची वाट बघून मी कंटाळलो हे खरं, पण एवढंच खरं नाही. मला मातीतलं कळतं असा माझा ताठा होता. आमच्या खाडीतला चिखल खाऱ्या पाण्याने कसा घट्ट बसतो, त्याचे बांध भरतीलाही कसे हलत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटलं, खारं पाणी मारलं तर माती ओल धरून ठेवील आणि बसेलही छान. जळगावच्या माणसाने मला मातीचं का शिकवावं... टँकरला मी परस्पर नको म्हणून सांगितलं आणि बोअर सुरू केला.

आठ दिवस मैदान सुरेख दिसलं. गडद तांबडं, ओलसर. मग वरती पापडी धरू लागली. ऊन चढलं की ती कडक व्हायची आणि तिच्या कडेला चेंडू लागला की भलतीकडेच उडायचा. सकाळी मातीवर पांढरी झाक दिसायची. ती कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी सगळ्यांच्या आधी येऊन दंताळ्याने खरवडून टाकत असे. म्हणजे मला कळलं होतं. चूक कोणाच्याही हातून होते. मी ती रोज सकाळी झाकत होतो.

घरच्या मैदानावर आमचे खेळाडू चेंडू सोडायला लागले. बाहेरच्या मैदानांवर तीच पोरं नीट खेळायची. मालकाच्या माणसांनी त्याचा अर्थ असा लावला की घरच्या प्रेक्षकांचं दडपण येतं आणि कोचला ते काढता येत नाही. दिगंबरनेही दोष स्वतःकडेच घेतला. सरावाची वेळ दुप्पट केली, आणि तो सराव त्याच मातीवर. एका सकाळी जून नावाच्या फिलिपिनो खेळाडूच्या ओठावर चेंडू उसळून बसला. रक्त आलं. तो थुंकला आणि मैदानाला काहीतरी बोलला. दिगंबरने त्याच्या तोंडाला टॉवेल लावला आणि शांतपणे हिंदी-इंग्रजीत सांगितलं की ग्राउंडला नाव ठेवायचं नाही, तिथे अण्णा आहेत. दुपारी डबा उघडताना मात्र त्याने मला विचारलं, “अण्णा, पाणी तेच आहे ना?”

“तेच,” मी म्हणालो.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही पाइपला बोट लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच रात्री मी टँकर पुन्हा सुरू केला, पण माती बिघडली ती बिघडलीच. संघ शेवटच्या नंबरावर राहिला. मनाम्यातल्या ऑफिसात मालकाच्या मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं आणि मला विचारलं, “ग्राउंड में कुछ प्रॉब्लेम था क्या?” माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. मुलगा तेव्हा अजून शिकत होता. ही कारणं आहेत, सबब म्हणून सांगत नाही. मी म्हणालो, “नहीं साब, ग्राउंड फर्स्ट क्लास है.” दिगंबर शेजारच्या खुर्चीत होता. त्यानेही मान हलवली, माझ्या बाजूने. मॅनेजर त्याच्याकडे वळून म्हणाला, “फिर तो खलास.” महिन्याभरात त्याचं काम आणि व्हिसा दोन्ही संपली. विमानतळावर मी त्याच्या शेजारी पाऊण तास बसलो. आम्ही सामानाच्या वजनाबद्दल बोललो.

गावी शाळेची जागा भरलेली होती. पगारी संघ बुडवून आलेला कोच म्हणून कोणी त्याला घेईना. त्याने शेतीच्या औषधांच्या दुकानात काम केलं आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना फुकट शिकवलं. दर दिवाळीला मी फोन करायचो. वाक्य तयार असायचं. मग तो तब्येत विचारायचा, मी पाऊस विचारायचो, आणि फोन ठेवला जायचा.

मागच्या वर्षी मात्र ठरवून त्याच्या गावी गेलो. हार्टचं दुखणं होऊन गेलेलं, आवाज बारीक झालेला. मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेला. दहा-बारा मुली चेंडू अडवत होत्या. त्याने त्यांना जवळ बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हे बहरीनचे अण्णा. यांच्यासारखं ग्राउंड मी जन्मात पाहिलं नाही.” मुली एकेक करून माझ्या पाया पडल्या. टोमणा असता तर मी सोसला असता... त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. चहा झाला आणि मी संध्याकाळच्या बसने निघालो.

आता इथे गॅलरीत एक तुळस आहे, अळूच्या तीन कुंड्या आहेत. पाणी नळाचं, गोडंच येतं. तरी रोज सकाळी पाइपच्या तोंडाला बोट लावतो आणि जिभेवर टेकवतो. सून विचारते, “बाबा, डेली काय टेस्ट करता?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

दिगंबर, पाणी ते नव्हतं. खारं होतं, आणि मला माहीत होतं. तुझी पोरं चुकत नव्हती, तूही चुकला नव्हतास. मला माफ कर.