त्र्याऐंशी बिल्ले

रविवार, ४ फेब्रुवारी १९६२. या दिवशी मकर राशीत अष्टग्रही योग होता, हे त्या वर्षीच्या कोणत्याही पंचांगावरून ताडून पाहता येते. भाकिते सांगणाऱ्यांनी जगबुडीची घटका सोमवारवर ठेवली होती, आणि नेमक्या आदल्या दिवशी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागाने आपले वार्षिक संशोधन संमेलन व माजी विद्यार्थ्यांचा मेळावा पनवेलला भरवला होता. निमंत्रणे एकशे दहा गेली होती. सह्यांच्या वहीत एक्केचाळीस नावे आहेत. डोळ्यांचे डॉक्टर ग्रहांना भ्याले, असे चहाच्या वेळी हसत बोलले गेले. हसणाऱ्यांपैकी निदान दोघांच्या मनगटांना मंतरलेले दोरे होते.

संमेलन पनवेलला घेण्याचे कारण साधे होते. विभागाचे मोतीबिंदूचे शिबिर दर हिवाळ्यात येथल्याच एका धर्मशाळेत भरत असे, आणि त्या वर्षीचा मुख्य निबंध याच शिबिरावर होता. डॉ. कमळाकर वर्दे हे विभागाचे तरुण अध्यापक तो वाचणार होते.

हौसा घरत हे नाव संमेलनाच्या कोणत्याही यादीत नाही. ती शिबिरातली आया. खाडीपलीकडे, उलव्याच्या बाजूला, तिचे सासर; घरची सगळी माणसे मिठागरावर. शिबिराच्या दिवसांत ती रोग्यांना उताणे निजवी, पट्टी बांधलेल्या डोळ्यांना हात लावू देत नसे, आणि म्हातारे बिडी मागू लागले की "आधी डोला, मग धूर" असे दरडावी. शिबिर उठल्यावरही तिचे एक काम उरे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या गळ्यात नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला असे. दीड महिन्याने रोग्याने परत यायचे, डोळा दाखवायचा, बिल्ला जमा करायचा आणि चष्मा न्यायचा. जे येत नसत त्यांना आठवण करण्यासाठी हौसा गावोगाव पायी फिरे.

१९६१च्या जानेवारीत डॉ. वर्द्यांनी एक नवी रीत सुरू केली. पूर्वी रोग्याला दहा दिवस ठेवून घेत. त्यांनी पाचव्या दिवशी घरी सोडायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. तेवढ्याच खाटांवर दुप्पट माणसांचे मोतीबिंदू निघाले. दोनशे चौदा जणांची शस्त्रक्रिया झाली. वाकू नका, ओझे उचलू नका, असे प्रत्येकाला बजावून पाठवले गेले. दीड महिन्याने एकशे एकतीस जण परत आले, त्र्याऐंशी आले नाहीत.

त्या त्र्याऐंशींना शोधायला हौसा निघाली, तेव्हा मिठाचा हंगाम भरात होता. एकसष्ट जणांची तिने गाठ घेतली. चव्वेचाळीस जणांना दिसत होते; चष्म्यासाठी दिवस मोडणे त्यांना परवडले नव्हते, इतकेच. उरलेल्या सतरा जणांचा डोळा गेला होता. त्यांची हकीकत जवळजवळ एकच होती. घरी आले, दोन दिवस बसले, तिसऱ्या दिवशी मिठाची पाटी उचलली, आणि डोळ्यात काहीतरी फाटल्यासारखे झाले. त्या सतरांत हौसाची थोरली जाऊ चंद्रावती होती.

एप्रिलमध्ये हौसाने हे डॉ. वर्द्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"हौसाबाई, रोगी स्वतः यायला हवा. ऐकीव गोष्ट शास्त्रात लिहिता येत नाही."

हे वाक्य तिने नीट गाठीला बांधून ठेवले.

जानेवारी १९६२च्या अखेरीस, नोंदणीचे काम पाहणारा पनवेलचा नियाज तिच्याकडे आला. एरवी तो लाकडाच्या वखारीत हिशेब लिही. शिबिरापुरता वर्द्यांच्या हाताखाली असे.

"हौसाबाय, साहेबांचा निबंध मी साफ करून लिहिलाय," तो म्हणाला. "दोनशे चौदांत गेलेले डोळे दोन."

"दोन? न् माझे सतरा?"

"आले नाहीत ते सगळे बरे धरलेत. माझ्या वहीत रकाना कोरा होता, कसम सांगतो. त्यांच्या कागदावर तिथं 'समाधानकारक' आहे." त्याने आवाज खाली आणला. "आणि निबंध मान्य झाला की कुलाबा जिल्ह्यातल्या सगळ्या शिबिरांना पाच दिवसांचाच नियम."

बारा फेब्रुवारीला शिबिर सुरू होणार होते. तेरा तारखेच्या यादीत चंद्रावतीचे नाव होते. तिच्या दुसऱ्या, उरलेल्या एकुलत्या डोळ्यासाठी.

शनिवारी दुपारी हौसा तिच्यापुढे जाऊन बसली. गावाच्या देवळात जप चालला होता, मिठागर ओस होते. ग्रह टळेपर्यंत कामाला जायचे नाही, असे गावाने ठरवले होते. चंद्रावती हाताने चाचपून तांदळातले खडे काढत होती.

"हौसे, परवा सगला पसारा आटपनार हाय म्हनतात, न् तू मला पनवेलला नेतेस?"

"आटपनारच हाय ना? मग डॉक्टरची भीड कुनासाठी राखून ठेवता, जाऊबाई?"

"त्यानं फुकट केलं गं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. आता तोंडावर जाऊन सांगू, तुझं काम बिघडलं? मानसाची जात हाय आपली."

"काम त्याचं बिघडलं. डोला तुमचा गेला."

"मीच पाटी उचलली."

"उचलली. पाच दिवसांत घरी धाडलं नसतं तर धर्मशालेत कुठली पाटी उचलनार होतात? गादीची?"

चंद्रावती हसली नाही. "एक डोला देवाला दिला, एक ठेवला तुझं तोंड बघायला. तोही घालवायला निघालीस."

"तो ठेवायलाच निघालेय. तुमी नाय आलात तर तेरा तारखेला कापनार, अठराला घरी धाडनार, न् मग काय व्हनार, ते तुमाला ठाव हाय. मला ठाव हाय. त्याला ठाव नाय. तो समजतो, तुमी लय सुखात हाव."

खड्यांची मूठ चंद्रावतीने अंगणात भिरकावली. "सुखात? मी?" ती म्हणाली. "होडी कितीला सुटते?"

हौसा त्या दिवशी सतराही घरी गेली. आणखी सहाच जण तयार झाले. दहांनी ग्रहांचे कारण सांगितले, पण खरे कारण बहुतेकांचे चंद्रावतीचेच होते: ज्याने उपकार केला त्याला खाली बघायला लावायचे नाही. त्या दहांकडून हौसाने बिल्ले मागून घेतले. "तुमी नका येऊ," ती म्हणाली, "तुमचा नंबर येऊ दे."

रविवारी अवसेची मोठी भरती होती. त्या भरतीबरोबर सात जणांची होडी खाडीत शिरली आणि साडेअकराच्या सुमारास पनवेलच्या बंदराला लागली. हौसा स्वतः पहाटेपासूनच धर्मशाळेत होती. पाणी भरणे आणि पेले विसळणे हे तिचे त्या दिवसाचे काम होते. माणसे आली तेव्हा तिने त्यांना मागच्या ओसरीवर बसवले आणि दाराशी येऊन उभी राहिली.

आत डॉ. वर्दे इंग्रजीत वाचत होते. पुढच्या खुर्चीवर विभागप्रमुख डॉ. तळपदे, मागे माजी विद्यार्थी. कुणी नागपूरचे, कुणी बेळगावचे, वर्षांनी भेटलेले, अधूनमधून एकमेकांना कोपरखळ्या मारणारे. दाराजवळ नोंदवह्या घेऊन नियाज बसला होता. हौसाने त्याच्याकडे पाहिले. त्याने दोन बोटे वर केली: निबंधात आकडा दोनच राहिला होता.

ती आत गेली. तिच्यामागे सात जण, एकमेकांचा खांदा धरून. वाचन थांबले.

"हौसाबाई, केस दाखवायचा कार्यक्रम चहानंतर आहे," डॉ. वर्दे मराठीत म्हणाले.

"हे तुमच्या कार्यक्रमातले नायत, साहेब. हे परत नाय आलेले." तिने ओच्यातून बिल्ले काढले आणि त्यांच्या कागदांवर एकेक करून ठेवले. "सात मानसं हायत. दहांचे नुसते बिल्ले हायत. सतरा."

"हे संमेलन आहे. बाजार नाही."

"म्हनून तर इथं आनलं. बाजारात कोन डोला तपासनार?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी बोललात, ऐकीव लिवता येत नाय. मग बघा न् लिवा."

मागे कोणीतरी खुदकन हसले. डॉ. तळपदे उठले. त्यांनी खिशातली विजेरी काढली, सातही जणांना खिडकीपाशी ओळीने बसवले आणि प्रत्येकाचा डोळा पाहिला. याला बराच वेळ लागला.  चंद्रावतीपाशी ते थांबले.

"बाई, त्रास झाला तेव्हाच परत का नाही आलात?"

"फुकट घेतलेलं बिघडलं म्हनून सांगायला यायची रीत हाय का तुमच्यात?" चंद्रावती म्हणाली. "आमच्यात नाय."

तळपदे नियाजकडे वळले. "या नंबरांपुढे वहीत काय आहे?"

नियाज उभा राहिला. वर्दे त्याच्याकडेच पाहत होते. त्याने वही उघडली. पान त्याला शोधावे लागले नाही.

"काही नाही, साहेब. रकाना कोरा आहे. खुदा गवाह, मी तिथं काही लिहिलं नव्हतं."

तळपद्यांनी हौसाला विचारून वर्द्यांच्या कागदाच्या समासात पेन्सिलीने आकडे मांडले. तो कागद वहीत अजून आहे. परत आलेले एकशे एकतीस, हौसाला भेटलेले एकसष्ट, एकूण एकशे ब्याण्णव. गेलेले डोळे एकोणीस. खाली वेगळे, हौसालाही न भेटलेले बावीस, आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह.

"निबंधावरची चर्चा तहकूब," ते म्हणाले. "जेवणानंतर पुढचा विषय."

लोक उठू लागले. हौसा दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"जेवन मागून, साहेब. हिचं नाव तेरा तारखेच्या यादीत हाय. ती किती दिवस राहनार, ते आत्ता सांगा."

"दहा."

"हिच्यापुरतं, का सगल्यांना?"

तळपद्यांनी उत्तर देण्याआधीच वर्दे बोलले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जे म्हणाले ते खोटे नव्हते. "सगळ्यांना दहा दिवस ठेवायचे म्हणजे निम्म्या खाटा अडतील. निम्मे आंधळे दारातून परत जातील. त्यांना काय सांगायचे, हौसाबाई? तुम्ही सांगणार?"

हे तिला लागले. धर्मशाळेच्या पायरीवर नंबर न लागलेली माणसे तिने दर वर्षी पाहिली होती. 

"सांगेन," ती म्हणाली. "परत गेलेला मानूस पुढल्या साली येतो, साहेब. डोला गेलेला येत नाय. तुमचा आकडा तिथंच चुकला."

डॉ. तळपदे चष्मा पुसत उभे होते. "सगळ्यांना दहा," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

सोमवारी जग बुडाले नाही. त्या दिवशी आयांच्या हजेरीपटावर हौसाच्या नावावर आडवी रेघ मारलेली आहे. कारण लिहिलेले नाही. संमेलनाच्या छापील अहवालात डॉ. वर्द्यांच्या निबंधाचे केवळ शीर्षक आहे, आणि खाली 'चर्चेत काही काळ व्यत्यय आला' एवढे एक वाक्य. व्यत्ययाचे नाव दिलेले नाही.

तेरा तारखेला हौसा चटई घेऊन धर्मशाळेत आली आणि चंद्रावतीच्या खाटेशी बसली. शिबिराच्या व्यवस्थापकांनी हटकले, की तुम्हाला कामावरून कमी केले आहे. पुढचे संभाषण नियाजने वहीच्या मागच्या पानावर आपल्या हाताने टिपून ठेवले आहे, बहुधा स्वतःच्या करमणुकीसाठी.

"आया म्हनून काढलंत. आता जाऊ म्हनून काढून दाखवा."

ती दहा दिवस तिथून उठली नाही. नंबर न लागलेल्यांना पायरीवर जाऊन तिनेच सांगितले, असेही त्या पानावर आहे. कोणत्या शब्दांत, ते नाही. शिव्या किती खाल्ल्या, तेही नाही.

१९६२च्या नोंदवहीत शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या एकशे सहा आहे, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. प्रत्येक नावापुढे घरी सोडल्याचा दिवस दहावा आहे. चंद्रावतीचा या वेळचा बिल्ला अठ्ठावन्न नंबरचा होता. एप्रिलमध्ये जमा झालेल्या बिल्ल्यांच्या डब्यात तो नाही, आणि तिच्या नावापुढचा शेवटचा रकाना भरलेला नाही. त्या वर्षी परत न आलेल्यांकडे गावोगाव कोणी गेले का, याची नोंद नाही. जाणारी कामावर नव्हती. हौसाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही कागदावर सापडत नाही. पहिल्या वर्षीच्या त्या बावीस जणांचेही नाही.

चंद्रावतीला दुसऱ्या डोळ्याने दिसले की नाही, हे माहीत नाही. रकाना कोरा आहे, आणि येथेही तो कोराच ठेवला आहे.