डांबरी रस्त्यापलीकडचा निरीक्षक

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात डिझेल इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीत मी सेल्स इंजिनिअर होतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं पश्चिम आफ्रिकेतली. त्यांतल्या घानाच्या एका व्यापारी बाईंनी गावातल्या मक्याच्या चक्कीसाठी इंजिन नेलं आणि ते बसवून द्यायला माणूस मागितला. सेठनी मला पाठवलं. निघताना म्हणाले, "इलेक्शन से पहले निकल आना. उधर गोली चलती है." सेठ आफ्रिकेला कधीच गेले नव्हते, पण आफ्रिकेबद्दलची त्यांची मतं पक्की होती. खरं सांगायचं तर माझीही होती.

इंजिन बसवायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. परत निघायच्या बेतात असताना ड्रायव्हर म्हणाला, उद्या मतदान आहे, मी माझ्या गावी चाललो. मी समजावलं, चिडलो, कंपनीचं नाव सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि गाडी घेऊन निघून गेला. एका मताची एवढी काय मिजास, असं मनात म्हणत मी बाईंच्या घरी मुक्काम केला.

सकाळी उजाडताना बाहेर आलो. समोरच्या शाळेच्या अंगणात माणूस नव्हता, पण रांग होती. दगड, फुटकं मडकं, एक चप्पल, पातेल्याचं झाकण, एकामागे एक मांडलेलं. मला बसायला जागा हवी होती म्हणून एक बरासा दगड पायानं बाजूला ओढला. झाडाखाली बसलेला एक म्हातारा उठून आला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही आत्ता माझ्या बायकोला रांगेबाहेर काढलंत."

लोक पहाटे येऊन आपापला दगड ठेवून शेताकडे गेले होते. कुणाचा दगड कोणता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हाताऱ्याच्या बाईसाहेबांना उचलून परत जागेवर ठेवलं.

मतदान सुरू झालं तेव्हा केंद्राचा प्रमुख, तिथलाच शाळामास्तर, माझ्याकडे आला. माझ्या शर्टावर कंपनीचा बिल्ला होता. त्यानं विचारलं, तुम्ही निरीक्षक का? मी म्हटलं, नाही, मी इंजिनवाला. तो जरा हिरमुसला. निरीक्षकासाठी आंब्याखाली खुर्ची मांडून ठेवली होती, पण गोरे निरीक्षक डांबरी रस्ता संपतो तिथूनच परत फिरतात, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "खुर्ची रिकामीच आहे. तुम्ही बसा. कुणीतरी बघितलं पाहिजे."

म्हणून मी बसलो. जन्मात कधी मत न दिलेला माणूस लोकशाहीवर देखरेख करू लागला. मुंबईत मतदारयादीत नाव घालायच्या आधीच मला व्हिसा मिळाला होता, आणि शारजात तो प्रश्नच नव्हता. बायका लुगड्यासारखं कापड गुंडाळून, पाठीला मूल बांधून आल्या. पडद्यामागे जाऊन उमेदवाराच्या चित्राशेजारी अंगठा उठवायचा, कागद घडी करून सगळ्यांसमोर पेटीत टाकायचा. बाहेर आल्यावर शाई लागलेलं बोट एकमेकींना दाखवत होत्या. मी गोळीबाराची वाट पाहत होतो. दुपारी आवाज झाला तो दोन शेळ्या रांगेत घुसल्या म्हणून.

संध्याकाळी पेटी तिथेच, उघड्यावर, टेबलावर उपडी केली. मास्तर एकेक कागद उंच धरून दाखवायचा आणि सगळं गाव मोठ्यानं आकडा म्हणायचं. एका कागदावर अंगठा रेघेवर पडला होता. त्यावर वाद झाला, कागद हातोहात फिरला आणि शेवटी बाद ठरला. मला कुणी विचारलं नाही, तरी निरीक्षक म्हणून मी मान हलवली.

बाईंचा उमेदवार त्या केंद्रावर पडला. रात्री जेवताना त्यांनी एकदम विचारलं, तुझ्या शारजात तुम्ही कुणाला निवडता? मी म्हटलं, कुणालाच नाही, तिथे सगळं आपोआप चालतं, रस्ते उत्तम, वीज जात नाही.

"आणि तुझ्या स्वतःच्या देशात?"

"तिथे मी नसतो."

त्या म्हणाल्या, "आमच्या मतांना इथले पुढारी घाबरतात. मग तुला घाबरतं कोण?"

मी हसून म्हटलं, बायकोसुद्धा नाही. त्या हसल्या नाहीत.

परत आल्यावर महिन्याभरातच आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये होती. मी आफ्रिकेहून आलोय म्हटल्यावर सगळे जमले. बंदुका दिसल्या का, लोकांना वाचता तरी येतं का, असं विचारून झालं. मी दगडांची रांग सांगितली तेव्हा एक चार्टर्ड अकाउंटंट पोट धरून हसला.

मग निवडणूक. आमचे अध्यक्ष माझ्या व्हिसाच्याही आधीपासून अध्यक्ष होते. सेक्रेटरींनी त्यांचं नाव सुचवलं, अध्यक्षांच्या मेव्हण्यांनी अनुमोदन दिलं, आणि हात वर करायला सांगितलं. हात कुणाचे मोकळे नव्हते, एकात बशी, दुसऱ्यात बटाटावडा. सेक्रेटरी म्हणाले, "सर्वानुमते. यल्ला, चला, पुढचा विषय."

मी उभा राहून म्हटलं, मतदान घ्या. अध्यक्ष प्रेमानं म्हणाले, "अहो, मतदानानं मनं दुखावतात. आपण परदेशात आहोत. आणि दुसरा उमेदवार कुठे आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. बायकोनं ताटलीकडे बघायला सुरुवात केली.

कुजबुज झाली. मेव्हणे म्हणाले, खलास करा, मुलांची परीक्षा आहे. पण आता नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. टिश्यू पेपरच्या चिठ्ठ्या झाल्या, मिठाईचा रिकामा खोका पेटी झाला. मोजणी उघड्यावर करायची, हा माझा हट्ट. मी चिठ्ठी उंच धरली, पण मोठी माणसं संकोचून गप्प. मोजली ती कंटाळलेल्या मुलांनी, "वन, टू, थ्री," आणि त्यांना तेवढीच करमणूक झाली. अध्यक्षांना ढीगभर मतं, मला तीन.

गाडीत मी बायकोला म्हटलं, निदान तुझं एक मत होतं. ती म्हणाली, "माझं त्यांना. तुम्ही अध्यक्ष झाला असता तर हॉलवाल्याचे, केटररचे फोन कोण घेणार होतं?"

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, आय वुड हॅव व्होटेड फॉर यू." ती दहा वर्षांची होती.

पुढच्या वर्षी मंडळाच्या घटनेत दुरुस्ती आली. अध्यक्षपदाच्या उमेदवारानं आधी पाच वर्षं कार्यकारिणीत काम केलेलं असावं. त्या दिवशी हातात मिसळ होती. दुरुस्ती सर्वानुमते मंजूर झाली आणि माझ्या निवडणुकीच्या अनुभवाची कदर म्हणून मला भोजन समितीत घेण्यात आलं, तेही सर्वानुमते.