बोकडाचं आवतण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कोणी हसलं तर मला पुढचं सांगवणार नाही.

आमच्या गावाची टीम खांडबाऱ्याच्या टेनिस बॉल स्पर्धेत फायनलला पोचली होती आणि मी तिचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय हो, पाण्याचा जार सांभाळणारा माणूस. पण पहिलं बक्षीस होतं बोकड. काळाभोर, शिंगांना लाल रिबीन, स्टेजच्या खांबाला बांधलेला.

आमच्याकडे दिनेशभाऊ म्हणून एक आहेत, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतात. त्यांनी आठवडाभर नुसता धुरळा उडवला. 'खान्देशचे वाघ', 'आजवर न हरलेली टीम'. अहो, गेल्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो होतो, मी तिथेच जार घेऊन उभा होतो. पण तेच तेच बघून मलाही वाटायला लागलं की आपण काही हरत नाही.

फायनलचा शेवटचा बॉल. समोरच्यांना जिंकायला सिक्सरच हवा. आणि नेमके तेव्हाच दिनेशभाऊ मोबाईल घेऊन माझ्यासमोर.

"मॅनेजरसाहेब, लाईव्ह शे. जितनात ते काय करशात?"

घाबरलेला माणूस जास्त बोलतो. मी म्हटलं, "बोकड आमचाच आहे. आज संध्याकाळी सगळ्यांना माझ्या घरी जेवण. जो बघतोय त्याने यावं. समोरच्या टीमनेसुद्धा यावं."

चेहऱ्यावर नीट उजेड पडावा म्हणून बोलता बोलता मी मागे सरकत होतो. दोरी ओलांडून मैदानात कधी शिरलो, कळलंच नाही.

"काका, बाजूले सरका!"

आमचा कैलास वर बघत कॅच घ्यायला पळत आला होता. तो माझ्यावर, मी दिनेशभाऊंवर, मोबाईल धुळीत. आणि बॉल? कैलासच्या बोटांना लागून दोरीपलीकडे. अंपायरने दोन्ही हात वर केले. गेला बोकड.

मी कपडे झटकत होतो तेवढ्यात रेखाचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोन.

"आयका ना, लाईव्ह मधेच बंद पडी गयं. पोरना सासू-सासराबी नवापूरथीन निंघी गयात. मसाला वाटी ठेयेल शे, बोकड लवकर लया."

म्हणजे आम्ही हरलो हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. आणि लेकीचं लग्न होऊन महिना झालेला, व्याही पहिल्यांदाच जेवायला येत होते. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगितलं असतं ना? मी "हो, निघालो" म्हणालो.

वाटेत मोटरसायकल इतकी हळू चालवली की बैलगाडीवाला पुढे गेला. घरी अंगणात पंगत मांडलेली. व्याह्यांनी विचारलं, "बोकड कुठाय?" मी म्हटलं, "मागून येतोय." काय बोलत होतो, माझं मलाच कळत नव्हतं.

आणि खरंच आला हो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुलालाने माखलेली जिंकलेली टीम आणि मधे बोकड. अंगणात टाळ्या पडल्या. रेखाचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना.

त्यांचा कॅप्टन उतरून पाया पडला. "काका, तुम्ही लाईव्हमा बलायं ना, म्हनीसन उनूत जेवाले. बोकड मातर आम्हना गावले जाई."

रेखा आत गेली आणि बोकडाच्या मसाल्यात वांगी टाकली. व्याही मान खाली घालून जेवले. मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात कॅप्टन ताटावरून उठला, स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि व्याह्यांच्या देखत माझ्या गळ्यात घातला.

"आम्हले बोकड भेटना तो ह्या काकामुये."

आता मी नाही तरी कसं म्हणणार? मॅनेजर म्हणून आजवर मी एकच सामना जिंकून दिलाय, आणि तो त्यांना.