नेमलेले नव्हे, निवडलेले

सेकिने-सान गेल्याचं मला कळलं ते गल्लीत घरोघरी फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवरून. कचऱ्याच्या बदललेल्या वेळा, आगीची कवायत, कुणाचं निधन... आपण वाचायचं, शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या दारात नेऊन ठेवायची. भूकंपाच्या सरावाखाली दोन ओळी होत्या. वॉर्डसभेच्या माजी सदस्या सेकिने-सान यांचं निधन झालं, अंत्यविधी घरच्या घरी उरकला आहे. पाटी हातात धरून मी दारातच उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, "कोण गेलं गं?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "शेवटपर्यंत कळलंच नाही ना, त्यांना आपल्याकडून नेमकं काय हवं होतं ते?"

पुण्याहून टोकियोच्या पूर्वेकडच्या या वॉर्डात आम्ही आलो, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घरात होता. स्टेशनबाहेर सकाळी एक ठेंगणी, पासष्टीपुढची बाई माइक घेऊन उभी असायची. ऑफिसला निघालेली माणसं तिला वळसा घालून जायची. याच सेकिने-सान, तेव्हा वॉर्डसभेच्या सदस्या. एकदा त्यांनी माझ्या हातात पत्रक दिलं. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, "मी परदेशी आहे. मला मत नाही." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मत असलेल्यांना वाटतं, त्यांना सगळं ठाऊक आहे. तुम्ही तरी वाचाल." निवडून येणारी बाई मत नसलेल्यांच्या मागे का लागते? नगरसेवक जवळून पाहिलेल्या माणसांना हे पचणं कठीण होतं. नवरा तर सरळ म्हणाला, "यात काहीतरी आहे."

गंमत म्हणजे त्या आमच्याहून संशयी निघाल्या. पहिल्या दिवाळीला मी चिवड्याचा डबा घेऊन गेले, तर डब्याला हात न लावता त्यांनी विचारलं, "कुठला अर्ज अडकलाय?" म्हटलं, "कुठलाच नाही, आमचा सण आहे." त्या म्हणाल्या, "मग तर घेताच येणार नाही. अर्ज असता तर निदान कारण कळलं असतं." मी डबा घेऊन परत आले आणि आठवडाभर धुसफुसत राहिले.

त्यांचं ऑफिस राहत्या घराच्या तळमजल्यावर होतं. तिथं बसून त्यांनी मला त्यांच्या संशयाचं मूळ सांगितलं. "युद्धानंतर माझ्या वडिलांनी वॉर्डप्रमुखासाठी मत दिलं होतं. पुढे तो हक्क काढून घेतला. राजधानी एकच आहे, प्रत्येक वॉर्डाला वेगळा निवडलेला प्रमुख कशाला, म्हणाले. मी कॉलेजात जाईपर्यंत आमचा प्रमुख वरच्यांच्या संमतीनं नेमला जायचा. हक्क परत आला तेव्हा वडील नव्हते..." पुढे म्हणाल्या, "सेंदाई शहराचं पाणी सेंदाईच सांभाळते. आमचं पाणी, आमचे अग्निशमनवाले, आमचे काही करसुद्धा टोकियो महानगराच्या सरकारकडे. राजधानीत राहतो, म्हणून आम्हाला विचारायचं नाही." वॉर्डाला पूर्ण शहराचे अधिकार हवेत आणि वॉर्डात राहणाऱ्या प्रत्येकाचा त्यात आवाज हवा, एवढं एकच मागणं त्या सभेत वर्षानुवर्षं मांडत आल्या. सभागृहात त्या उठल्या की मागच्या बाकांवर लोक घड्याळं बघत.

मग नदीकाठच्या मैदानाचं प्रकरण आलं. आमची मुलगी आणि गल्लीतली सगळी पोरं तिथंच खेळायची. महानगराला तिथं पावसाच्या पाण्यासाठी पंपिंग स्टेशन बांधायचं होतं. वॉर्ड ऑफिस म्हणालं, आमच्या हातात नाही. महानगराचे अधिकारी म्हणाले, वॉर्डाची हरकत नाही. हरकत नाही हे कुणी कुणाला सांगितलं, ते कुणालाच सांगता येईना. सेकिने-साननी ठराव आणला: अशा कामाला वॉर्डानं संमती देण्याआधी रहिवाशांचं मतदान घ्यावं, आणि काही वर्षं इथं राहिलेल्या परदेशी माणसांनाही त्यात मताचा हक्क द्यावा. समितीपुढे बोलाल का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात घरोघरी ठरावाविरुद्धचं एक पत्रक पडलं. 'राजधानीची किल्ली कुणाच्या हाती?' खाली फोटो होता, सेकिने-सान आणि मी, त्यांच्या ऑफिसात. माझा चेहरा पुसट केला होता, पण माझी पिवळी ओढणी सगळा वॉर्ड ओळखत होता. ऑफिसात मॅनेजरनं अत्यंत नम्रपणे विचारलं, "हल्ली बाहेरच्या कामांत फार वेळ जातो का?" मी तडक सेकिने-सानकडे गेले. त्यांचा प्रश्न तयार होता. "हा फोटो आतून काढलाय. तुम्ही कुणाला पाठवला होता?"

"मी? माझीच नोकरी धोक्यात घालायला?" माझा आवाज चढला. "गाजावाजा तुम्हाला हवा होता, मला नाही."

फोटो काढला त्या दिवशी आत दहाबारा माणसं होती. त्यांतल्या प्रत्येकाकडे आम्ही दोघी बोट दाखवू शकत होतो; दाखवलं ते एकमेकींकडे. तरी मी समितीपुढे बोलले. त्यांनी माझी ओळख करून दिली ती माझ्याकडे न बघता. ठराव दोन मतांनी पडला. त्यांच्याच गटातले दोघं प्रकृती बरी नसल्यानं आले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते दोघं मला स्टेशनवर दिसले, ठणठणीत. मैदानाला पत्रे लागले आणि आमची मुलगी बाल्कनीतून त्यांच्याकडे बघत जपानीत म्हणाली, "आई, आपण हरलो का?"

कित्येक महिने आम्ही बोललो नाही. मग वॉर्डानं परदेशी रहिवाशांचं सल्लागार मंडळ काढलं आणि त्यावर मला नेमायचं ठरल्याचा फोन आला. मनातून खूश होऊन मी ते सांगायला गेले. सेकिने-साननी चहा पुढे केला आणि विचारलं, "तुम्हालाच का घेतलं असेल?"

"माझं जपानी आता बरं आहे, म्हणून."

"नाही. तुम्ही सभ्य आहात, म्हणून. निवडलेला माणूस लोकांना घाबरतो, नेमलेला नेमणाऱ्याला."

"मग जाऊ नको म्हणता?"

"जा. पण तिथं रमायला लागलात, तर मला कळवा."

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. आजारानं आवाज अगदी बारीक झाला होता. निघताना त्यांनी मला हातानं थांबवलं. "तो फोटो... तुम्ही नव्हतात ना?" मी म्हटलं, "नाही. तुम्ही?" त्या हसल्या. "मला सुचायला हवं होतं." हे उत्तर होतं की थट्टा, मी आजही ठरवू शकलेले नाही.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी मंडळाची सभा झाली. पंपिंग स्टेशनच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रहिवाशांसाठी एक खोली बांधली आहे, तिला सेकिने-सान यांचं नाव द्यावं, असा वॉर्डाचा विचार होता. ठरावाला गैरहजर राहिलेल्या दोघांतले एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते आणि डोळे पुसत होते. अध्यक्षांनी विचारलं, "हरकत नाही ना?" माना हलल्या. मी हात वर केला.

"त्या खोलीत बसून रहिवाशांना काय ठरवता येईल?"

अधिकारी गडबडले. "म्हणजे... छंदवर्ग वगैरे. इमारत महानगराची आहे ना."

"मग माझी हरकत आहे," मी म्हटलं.

खोलीला नाव दिलं गेलंच. पाटी सुबक आहे, अक्षरं सोनेरी. आमच्या सभा आता तिथंच होतात, खिडकीतून नदी दिसते आणि खुर्च्या फार आरामशीर आहेत. सभा सुरू व्हायच्या आधी मी मागच्या सभेचा वृत्तांत मागून घेते आणि माझी हरकत त्यात आहे ना, ते ओळीवर बोट ठेवून बघते.